वॅगनच्या मागच्या बाकावर धुराचा वास: कुठून येतो आणि कसा शोधायचा

लक्षणं आधी. यातली दोन जरी तुमच्या जुन्या स्टेशन वॅगनशी (डिकीऐवजी छत शेवटपर्यंत गेलेली लांब गाडी) जुळत असतील तर खालचं सगळं वाचा.

सिग्नलला उभं असताना वास नाही, पण तीस-चाळीस मैलांचा वेग घेतला की मागून धुराचा उग्र वास येतो. मागची काच दोन बोटं जरी खाली असली तरी तो वाढतो. पुढे बसलेल्याला काही जाणवत नाही, मात्र तिसऱ्या बाकावरची मुलं डोळे चोळतात. तासाभराने त्यांना मळमळायला लागतं आणि आपण म्हणतो, गाडी लागली असेल. घरी आल्यावर मागे ठेवलेल्या जाकिटांना धुराचा वास येतो. मागच्या काचेला आतल्या बाजूने करडा थर धरतो, पुसला तरी आठवड्याभरात परत येतो. हिवाळ्यात सगळ्या काचा बंद करून हीटर लावला की डोकं जड होतं. आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं बॉनेटखालून टिक-टिक ऐकू येते, नंतर ती थांबते.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या परिसरात राहतो. माझ्याकडे १९७२ ची फोर्ड कंट्री स्क्वायर आहे. हा एकच बिघाड मी आजवर नऊ वॅगनमध्ये शोधून काढला, त्यात माझ्या स्वतःच्या गाडीत तीनदा. नऊपैकी सात गाड्यांत तो मूळ गाडीचा नव्हता. हौसेने केलेल्या कुठल्या ना कुठल्या बदलातून आला होता: गाडी खाली बसवली, नवा एक्झॉस्ट टाकला, मागचं गेट म्हणजे मागचं दार रंगवलं, साऊंड सिस्टिमसाठी फरशीला भोकं पाडली. हे बदल करू नका असं मी म्हणणार नाही, मीही ते केले आहेत. पण वॅगनमध्ये एक्झॉस्टचा पाइप आणि मागच्या गेटचं रबर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाला हात लावला की दुसरं तपासावंच लागतं.

थांबायचं कधी, ते आधी

कोणाचंही डोकं दुखतंय, गरगरतंय, विनाकारण झोप येतेय असं वाटलं तर गाडी तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा आणि अमेरिकेत असाल तर ९११ ला फोन करा. "घर पाच मैलांवर आहे, हळूहळू जाऊ" हा विचार करू नका. वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलाचा. मारतो तो कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने त्याला धरून ठेवतं. म्हणून वास कमी झाला म्हणजे धोका कमी झाला असं होत नाही.

वास धुराचा नसून कच्च्या पेट्रोलाचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. पुष्कळ वॅगनमध्ये पेट्रोल भरायची नळी मागच्या चाकावरच्या पत्र्याआडून, आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणामागून जाते आणि तिचं रबर पन्नास वर्षांत चिरतं. तो वास आला तर गाडी सुरूच करू नका. टो करून मेकॅनिककडे न्या.

वॅगनमध्येच हे का होतं

लहानपणी कच्च्या रस्त्यावरून एसटीने प्रवास केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. धूळ उडते चाकांखाली, मागे जाते, आणि तरी मागच्या बाकावरचा माणूसच धुळीने माखतो. चौकोनी पाठीची गाडी पुढे सरकते तेव्हा तिच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते. छतावरून आणि बाजूंनी येणारी हवा त्या पोकळीत भोवरे घेते आणि सोबतची धूळ, पाणी, धूर गेटवर आणून आपटते. उतरत्या डिकीच्या सेदानमध्ये हा भोवरा काचेपासून लांब, डिकीच्या मागे राहतो. वॅगनमध्ये तो थेट काचेला लागून असतो. जुन्या वॅगनच्या छताच्या मागच्या टोकाला हवा खाली वळवणारी जी पट्टी दिसते, ती शोभेची नाही. वरून येणारी स्वच्छ हवा काचेवरून खाली सोडून ती मळू नये म्हणून दिलेली असते.

पडताळून पाहायचं असेल तर मागच्या काचेवर बोटभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटपट्टीने लावा आणि मागच्या गाडीतून कोणाला तरी व्हिडिओ घ्यायला सांगा. धागे मागे उडत नाहीत. काचेलाच चिकटून वर-खाली फडफडत राहतात. जिथे धागा तसा फडफडतो तिथे धूरही पोचतो.

तिसरं बाक नेमकं त्या काचेला लागून असतं. माझ्या फोर्डमध्ये मागे समोरासमोरची दोन छोटी बाकं आहेत. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या अनेक वॅगनमध्ये मुलं मागे तोंड करून बसतात. गाडीतले सगळ्यात लहान जीव सगळ्यात वाईट हवेत. या बिघाडाच्या मी इतका मागे लागतो तो त्यामुळे.

१९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. त्याआधीच्या वॅगनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) नाही, टक्क्यांत असतं. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. तेव्हा फट केवढीशी का असेना, तिला लहान समजू नका.

पहिली तपासणी: मागची काच खरंच बंद होते का

खर्च शून्य. काच वर घ्या, मग बाहेर येऊन वरच्या रबराशी बोट फिरवा. बटण दाबल्यावर मोटर थांबली म्हणजे काच पूर्ण वर गेली, असं आपण धरून चालतो. नऊपैकी दोन गाड्यांत काच अर्धा इंच खाली राहत होती आणि मालकांना वर्षानुवर्षं पत्ता नव्हता.

कारणं बहुधा साधी असतात. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचेतला मखमली पट्टा सुकून कडक होतो. सिलिकॉन स्प्रे मारून पाहा. तेवढ्याने हललं नाही तर गेट आणि बॉडीच्या मध्ये जिथे तारांची जुडी वाकते तिथे पाहा. फोर्डचं १९६६ पासूनचं दुहेरी गेट, जे खाली पाडता येतं आणि दारासारखं बाजूलाही उघडतं, त्यात ती जुडी दोन्ही दिशांना वाकते. आतली तांब्याची तार निम्मी तुटलेली असली की मोटरला पूर्ण विद्युतप्रवाह मिळत नाही आणि काच शेवटचा अर्धा इंच चढत नाही.

काच पूर्ण बंद झाल्यावर एक फेरी मारा. वास गेला असेल तरी मीटरची चाचणी करा, तिला पर्याय नाही. आणि "मागची काच उघडी ठेवली की वारा छान येतो" ही सवय आजपासून बंद. जुन्या वॅगनच्या मालक-पुस्तिकांतही मागची काच बंद ठेवून चालवा अशी सूचना असते, ती उगाच नाही.

दुसरी: मीटर आणि पंखा

आकडे सतत दाखवणारा कार्बन मोनॉक्साइड मीटर घ्या. माझा शंभर डॉलरच्या आसपास आला. घरात भिंतीला लावायचा अलार्म इथे चालत नाही: अमेरिकन मानकाप्रमाणे ७० पीपीएमला तो वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो. इतका वेळ आपल्याकडे नाही.

मुलांना घरी ठेवा. मागे कोणालाही बसवू नका. मीटर तिसऱ्या बाकावर मुलाच्या नाकाच्या उंचीवर बांधा आणि समोर फोन लावून व्हिडिओ चालू ठेवा. दुसरा मीटर असेल तर तो तुमच्या डोक्याशी. सगळ्या काचा बंद. पाच मिनिटं उभ्या गाडीत इंजिन चालू, मग पाच मिनिटं तीस मैलांनी, मग पाच मिनिटं साठने. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची बाहेरच्या हवेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ९ पीपीएम आणि एका तासाला ३५ आहे. मी ९ च्या वर माझ्या गाडीत मूल बसवत नाही. चाचणीत तुमच्या जवळचा आकडा ३५ ला पोचला की तिथेच थांबा आणि सगळी दारं उघडा. तुमच्याकडे एकच मीटर असेल तर हा नियम मागच्या आकड्याला लावा. म्हणजे व्हिडिओ कॉलवर कोणीतरी तो आकडा तुम्हाला सांगत राहील अशी सोय करा.

ही चाचणी रिकाम्या रस्त्यावर घ्या. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते, तिच्यात सरपटत असताना मीटर पाहून एक मित्र घाबरला होता. तो धूर त्याच्या गाडीचा नव्हताच, पुढच्या दहा गाड्यांचा होता.

आता पंखा. हीच फेरी पुन्हा मारा, फक्त ब्लोअर पूर्ण वेगावर आणि बाहेरची ताजी हवा आत घेणारा खटका उघडा. आत येणारी हवा केबिनमधला दाब वाढवते. मागचा आकडा झपाट्याने उतरला तर गळती मागे आहे, कारण आता त्या फटीतून हवा आत न येता बाहेर जाते. उलट पुढचा आकडा वाढला, तर धूर इंजिनाकडून, समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत ओढला जातोय. काहीच फरक नाही पडला तर मधली फरशी बघा. या एका चाचणीने पुढचे दोन शनिवार वाचतात. वास आला की लगेच गेटचं रबर मागवणारे पुष्कळ आहेत. मीही पहिल्या वेळी तेच केलं, आणि गळती निघाली पुढे.

पुढच्या छोट्या तिकोनी काचा उघडून "वास बाहेर काढू" म्हणाल, तर नेमकं उलटं होतं. त्या काचा केबिनमधली हवा बाहेर खेचतात आणि ती जागा भरायला मागच्या फटींतून धूर येतो.

तिसरी: गेटचं रबर

खर्च: एक खडू, एक टॉर्च, एक नोट, चार अगरबत्त्या.

गेट बंद करताना मध्ये कागदी नोट धरा आणि ओढून पाहा. ती घट्ट ओढावी लागली पाहिजे. सगळ्या कडांवर, हातभर अंतराने. जिथे सहज सुटते तिथे खूण करा. मग बॉडीच्या ज्या कडेवर रबर टेकतं तिला खडू फासा, गेट बंद करून उघडा. रबरावर अखंड पांढरी रेघ उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे रबर टेकत नाही. रात्री कोणाला तरी टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून उजेड दिसतो का पाहा. शेवटी इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून फक्त ब्लोअर पूर्ण चालू करा, सगळ्या काचा बंद, आणि बाहेरून गेटच्या कडेने पेटती अगरबत्ती फिरवा. धूर जिथे सरळ वर जायचा सोडून तुमच्याकडे ढकलला जातो तिथे फट. पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाजवळ अगरबत्ती नेऊ नका, आणि गाडीत पेट्रोलाचा जरासाही वास असेल तर ही चाचणी करूच नका.

रबर नवीन असूनही गळतं याची तीन कारणं मला वारंवार सापडली. पहिलं, गेट रंगवताना कडेवर रंगाचे थर चढले आणि गेट पूर्वीसारखं बसत नाही. दुसरं, लाकडी नक्षीची नवी फिल्म लावताना ती कडेवरून आत दुमडली आणि तिच्या दुमडीवर रबर टेकून मधे बोगदा झाला. फिल्म रबराच्या रेषेच्या अलीकडे कापली पाहिजे. तिसरं, रबराची दोन टोकं जिथे जुळतात तिथे पाव इंचाची फट सोडलेली. रबर ताणून लावलं की ते पुढे आखडतं. टोकं दाबून, थोडं जास्तच ठेवून चिकटवायचं असतं.

बिजागरी झिजून गेट एका बाजूला झुकलं असेल तर आधी तोल दुरुस्त करा, मगच रबराला हात लावा. जाड रबर लावून झुकाव भरून काढायचा प्रयत्न केला तर कुलूप नीट बसत नाही, आणि चालत्या गाडीत गेट उघडणं हा धुरापेक्षा मोठा प्रश्न.

जनरल मोटर्सच्या १९७१ ते १९७६ च्या मोठ्या वॅगन, म्हणजे शेव्हरोलेची किंग्जवूड इस्टेट (१९७३ पासून कॅप्रिस इस्टेट), ब्यूकची इस्टेट, ओल्ड्समोबिलची कस्टम क्रूझर, पॉन्टिॲकची ग्रँड सफारी, यांचं गेट वेगळंच. काच वर छतात सरकते आणि गेट खाली फरशीखाली. पाहायला इतकं देखणं यंत्र त्या काळात दुसरं नव्हतं. पण काच आणि गेटची सगळी भेट एका लांब आडव्या सांध्यावर होते, आणि गेट ज्या खाचेत उतरतं तिथे पन्नास वर्षांची माती साचलेली असते. आधी ती खाच साफ करा, पाणी जायची भोकं मोकळी करा, मग नोटेची चाचणी घ्या. गेट स्वतः उतरवायला जाऊ नका. ते जड आहे आणि त्याचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत ताण भरलेला असतो. हे काम या गाड्या ओळखणाऱ्या माणसाचंच.

चौथी: भोकं

मागचा गालिचा उचला. स्टेपनी काढा. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतो, तो आहे का पाहा. नसेल तर चालत्या गाडीखालचा धूर थेट तिथून वर येतो. बूच दोन-तीन डॉलरला मिळतो. इथे रस्त्यावर हिवाळाभर मीठ टाकतात, त्यामुळे मिशिगनच्या गाड्यांत त्या खड्ड्याचा तळच कधी कधी चाळणी झालेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलके ठोकत जा. आवाज बसका आला की तिथला पत्रा संपला.

मग तुमची स्वतःची भोकं. एअर सस्पेन्शनच्या नळ्या, मागे नेलेल्या बॅटरीची केबल, स्पीकरच्या तारा, इलेक्ट्रिक फ्युएल पंपाच्या तारा, टो हुकचे बोल्ट. प्रत्येकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारं कडं) हवा आणि त्याच्याभोवती सीलंट. गाडी फार खाली बसवताना मागच्या ॲक्सलला जागा करायला ज्यांनी चॅसी आणि फरशी कापली, त्यांनी वरून बसवलेलं पत्र्याचं झाकण नीट पाहावं. नुसत्या स्क्रूने बसवलेलं झाकण हवाबंद नसतं.

मागचे दिवे काढून पाहा. दिव्यामागचं फोमचं गॅस्केट बोटाने भुगा होत असेल तर बदला. भोवऱ्याच्या अगदी मधोमध बसलेली ही फट बहुतेक जण विसरतात. माझ्या गाडीत दुसऱ्या वेळी गळती तिथेच होती.

फुगणारा फोम मात्र पत्र्यांच्या पोकळीत भरू नका. तो पाणी धरून ठेवतो आणि दोन हिवाळ्यांत पत्रा खातो, शिवाय गरम पाइपाजवळ पेट घेऊ शकतो.

पाचवी: पाइप संपतो कुठे

आता गाडीच्या मागे गुडघ्यावर बसा. पाइपाचं तोंड बंपरच्या बाहेर आहे का, आत आहे का, की पार ॲक्सलच्या आधीच खाली वळवून सोडलंय?

माझी गाडी मी मागून तीन इंच खाली बसवली तेव्हा ॲक्सलवरून जाणारा पाइप फरशीला आदळायला लागला. दुरुस्तीवाल्याने तो ॲक्सलच्या आधी कापून तोंड जमिनीकडे वळवलं. दिसायला स्वच्छ, आवाजाला छान. त्याच आठवड्यात मागच्या बाकावर मीटर ४५ दाखवत होता आणि माझ्या डोक्याशी ६. सेदानला कदाचित हे चालून गेलं असतं. वॅगनमध्ये गाडीखाली सोडलेला धूर फरशीच्या प्रत्येक फटीला चाटत मागे जातो, आणि मागे त्याची वाट पाहत भोवरा आहेच.

पाइपाचं तोंड बॉडीच्या कडेच्या निदान दोन इंच बाहेर आणि थोडं बाहेरच्या बाजूला वळलेलं हवं, म्हणजे धूर भोवऱ्याच्या कडेने निघून जातो. खर्च करण्याआधी खात्री करायची असेल तर तोंडाला तात्पुरता जोडपाइप क्लॅम्पने घट्ट लावा आणि मीटरची एक फेरी मारा. आकडा उतरला तर उत्तर मिळालं.

ॲक्सलवरून नवा पाइप वळवून घेणं हे वाकवायचं यंत्र असलेल्या दुकानाचं काम आहे. तयार कोपरे जोडून तो घरी करायला मी कोणाला सांगणार नाही. सहा सांधे म्हणजे सहा नव्या गळत्या. आणि १९७५ नंतरच्या गाडीत हे काम करताना कन्व्हर्टर काढून टाकू नका. अमेरिकेत त्याला कायद्याने मनाई आहे, आणि मागच्या बाकासाठीही ते वाईट.

सहावी: धुरात विष किती

यानं फट बुजत नाही, पण आत येणाऱ्या धुरातलं विष कमी होतं, आणि बघायला दहा मिनिटं पुरतात. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, एअर क्लीनर काढा आणि कार्बुरेटरच्या तोंडात पाहा. चोकची पाती उभी, पूर्ण उघडी असायला हवी. अर्धवट मिटलेली असेल तर इंजिन गरज नसताना जास्त पेट्रोल पितंय. डोळे चुरचुरणं हे बहुधा याचंच लक्षण.

मग व्हॉल्व्ह कव्हर. क्रोमचे उघडे ब्रीदर (हवा जाण्याची झाकणं) दिसायला सुंदर म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून टाकणारे खूप आहेत. क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातला) धूर मग इनटेकमध्ये जायच्या ऐवजी बॉनेटखाली सुटतो आणि समोरच्या काचेखालच्या जाळीतून हीटरवाटे तुमच्या तोंडावर येतो. व्हॉल्व्ह परत लावा. तो काही डॉलरचा आहे आणि इंजिनाचं तेलही जास्त दिवस स्वच्छ राहतं.

सातवी: सांधे

रात्रभर थंड झालेली गाडी सपाट जागेवर, जॅक स्टँडवर (गाडी टेकवून ठेवायच्या पक्क्या तिवईवर). नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. गंजलेल्या गाडीत जॅक टेकवायलाच घट्ट जागा नसेल तर इथेच थांबा आणि लिफ्ट असलेल्या गॅरेजात न्या.

इंजिन सुरू करायची गरज नाही. हवा बाहेर फेकू शकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी पाइपाच्या तोंडात घालून भोवती ओली फडकी गुंडाळा. दुहेरी एक्झॉस्ट असेल तर दुसरं तोंड फडक्याने बंद करा. क्लीनर चालू करून प्रत्येक सांध्यावर, सायलेन्सरच्या शिवणीवर आणि हेडरच्या (इंजिनाला जोडलेल्या पहिल्या पाइपांच्या) जोडणीवर साबणाचं पाणी फवारा. गळती असेल तिथे फेस उठतो. गरम पाइपाखाली कान लावून आवाज शोधण्यापेक्षा हे बिनधोक आणि अचूक. काळी काजळीची रेघही तेच सांगते.

ढिला क्लॅम्प आवळा, पिचका बदला. पाइपावर गुंडाळायची पट्टी आणि लेप हे दुकानापर्यंत पोचायचे उपाय आहेत, त्यावर मुलांना घेऊन जायचं नाही. वेल्डिंग पेट्रोलच्या टाकीच्या जवळ असेल तर स्वतः करू नका, तुम्हाला वेल्डिंग येत असलं तरी.

आठवी: पुढची बाजू

पंख्याच्या चाचणीत पुढचा आकडा वाढला होता ते इथे या. इंजिन बदललेल्या, एअर कंडिशनर काढलेल्या किंवा नवीन वायरिंग टाकलेल्या गाडीत इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर जुनी भोकं उघडी राहतात. डॅशबोर्डखाली झोपा, बॉनेटमध्ये कोणाला तरी टॉर्च धरायला सांगा. प्रत्येक उजेडाचा ठिपका बंद करायचा. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर असेल तर त्याचीही नोटेने तपासणी करा. ते नसलं की इंजिनावरची हवा सरळ हीटरच्या जाळीकडे जाते.

मग सकाळची ती टिक-टिक. मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा लोखंडी भाग) आणि इंजिनाच्या सांध्यातून किंवा मॅनिफोल्डच्या चिरेतून थंड असताना धूर निसटतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून गळती बरी झाली असं नाही. प्रत्येक पोर्टभोवती, म्हणजे धूर इंजिनाबाहेर पडतो त्या तोंडाभोवती, काजळी पाहा. बोल्ट थंड इंजिनावरच, हलक्या हाताने आवळून पाहा. गंजलेल्या बोल्टला दोन-तीन दिवस गंज सोडवणारं तेल द्या. जोर लावताना बोल्ट मऊ लोण्यासारखा फिरायला लागला तर हात काढा, तो तुटायच्या बेतात आहे.

बोल्टचं डोकं तुटलं असेल, किंवा मॅनिफोल्डला चीर असेल, तर तुमचं काम संपलं. तुटका बोल्ट हेडमधून (इंजिनाच्या वरच्या ठोकळ्यातून) सरळ काढणं आणि ओतीव लोखंड वेल्ड करणं ही दोन्ही मशीन शॉपची कामं आहेत. हाताने ड्रिल वाकडं गेलं तर शंभर डॉलरचं काम पूर्ण हेडवर जातं. मी एकदा तसं घालवलं आहे.

दुकानात गेल्यावर काय सांगायचं

"वास येतो" एवढंच सांगितलं तर बहुतेक ठिकाणी गाडी उभी ठेवून इंजिन चालू करतात, वास येत नाही, आणि गाडी परत देतात. हा बिघाड धावत्या गाडीत दिसतो. म्हणून तुमच्या फेऱ्यांचे आकडे कागदावर न्या: कुठल्या बाकावर, किती वेगाला, पंखा बंद आणि चालू. गाडीत काय काय बदललंय त्याची यादी द्या, कोणी आणि कधी केलं तेही. पाइपाचं तोंड बंपरच्या बाहेर हवं, सांधे शक्यतो वेल्ड केलेले हवेत आणि काढता येणारी जोडणी कुठे ठेवायची ते आधी ठरवा. काम झाल्यावर पैसे देण्याआधी त्यांच्याच माणसाला सोबत घेऊन मीटरची फेरी मारा.

फरशी किंवा चाकामागचा पत्रा इतका गेला असेल की बूच आणि सीलंट धरायला कड उरली नाही, तर ते पत्राकामवाल्याचं काम, आणि तोवर तिसरं बाक दुमडून ठेवा.

माझ्या गाडीत तिसऱ्या दुरुस्तीनंतर साठ मैलांच्या वेगाला मागच्या बाकावर मीटर १ आणि २ च्या मध्ये राहतो. तो मी तिथून काढलेला नाही. दर वसंतात, मीठ धुऊन गाडी बाहेर काढली की मुलं बसण्याआधी तीच पंधरा मिनिटांची फेरी मारतो आणि आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहितो.